सगळ्या अटींत बसणारा उमेदवार

प्रिय भिंगरी,

माझं अक्षर बघून तुला आधी हसू येईल. फोनवर तासन्‌तास टकळी चालवणारी ही बाई एकदम कागदावर कशी उतरली, असं म्हणशील. हसून घे. मग ज्यानं हे पाकीट आणून दिलं त्याला काहीएक न विचारता कुठेतरी एकटी बस आणि सलग शेवटपर्यंत वाच. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी उघडून बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नकोस. शेवट आधी कळला तर तू हा कागद फाडशील, मला वेड्यात काढशील, आणि मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही. म्हणून जे झालं ते झालं त्या क्रमानं सांगते. तुला राग येईल तिथे येऊ दे, पण वाचत राहा.

आपली ओळखच मुळी अशा एका निवडीच्या दिवशी झाली, आठवतं? क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटची मुलाखत, लांबलचक व्हरांडा आणि लाकडी बाकं. तू एका जागी बसायला तयार नव्हतीस. या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझ्या येरझाऱ्या चाललेल्या. शेवटी शिपाई वैतागून म्हणाला, ‘‘अहो बाई, फरशी झिजेल!’’ तेव्हापासून तू भिंगरी झालीस आणि पापणी न हलवता तुझ्याकडे बघत बसले म्हणून मी घुबड. आत म्हाताऱ्या सरांनी तुला विचारलं, हे सगळं कशासाठी शिकायचंय? तू म्हणालीस, लोक माझ्याजवळ येऊन रडतात, सर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘‘रडून झाल्यावर जातात का?’’ तू बाहेर येऊन मला म्हणालीस, काय विचित्र म्हातारा आहे गं. दोघींना प्रवेश मिळाला. दुसऱ्या वर्षी भाऊजींची बदली झाली आणि तू शिक्षण सोडलंस. मी महिनाभर धुसफुसले. पण तू जी हेल्पलाइन उभी केलीस, तिथे फोनवर बसून शिकलेली पोरं पुढे माझ्याकडे आली की मला नुसत्या बोलण्यावरून ओळखू येतात. ती मधे बोलत नाहीत. हे मस्का लावायला म्हणत नाहीये. तुझ्या कामाबद्दल माझ्या मनात काय आहे ते आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुला वाटेल की मी तुझ्या कामावर, तुझ्या पारखीवर बोट ठेवतेय.

भाऊजी गेले तेव्हा मी तुझ्याकडे पंधरवडाभर राहिले. तुझी ठकू तेव्हा पंधराची. तिनं रडणं टाळलं आणि पोहणं वाढवलं. सकाळी तलावावर, संध्याकाळी तलावावर, केस कायम ओले. तू म्हणायचीस, पोर मासोळी होणार आता. मला त्यात काळजीचं काही वाटलं नव्हतं. दुःख पोहून काढणारी माणसं मी पाहिली आहेत. मी परतले आणि थोड्या महिन्यांनी तू फोनवर सांगितलंस की हेल्पलाइनवरचा एक स्वयंसेवक वरच्या खोलीत राहायला आलाय. घरात पुरुषमाणूस असलेला बरा, शिवाय ठकूशी त्याचं छान जमतं. मग तो तुझा मानसपुत्र झाला. तुझ्या प्रत्येक वाक्यात तो यायला लागला. तो म्हणतो मी दमते. तो म्हणतो मी जुन्या माणसांत फार गुंतते. रविवारी मी फोन केला की तोच उचलायचा. ‘‘त्या आत्ताच पडल्यात, मावशी. निरोप देतो.’’ आवाज इतका मऊ की रागावताही येऊ नये. निरोप तुला मिळत होते का गं? कारण तू उलट फोन केल्याचं मला आठवत नाही.

उन्हाळ्यात मात्र तुझा फोन आला. खूश होतीस. मानसपुत्र आमच्या डॉक्टरेटला अर्ज करतोय म्हणालीस. मी म्हटलं, बाई, मी निवड समितीवर आहे, मला एक अक्षर सांगू नकोस. तू हसलीस. सांगायची गरजच नाही, तू बघशीलच, म्हणालीस. दुसऱ्याच दिवशी मी ही ओळख विभागप्रमुख बाईंच्या कानावर घातली. त्या म्हणाल्या, समितीत बस, पण त्याला गुण तू देऊ नकोस. तेव्हा हे ध्यानात ठेव की त्याचा निकाल माझ्या हातानं लागलेला नाही.

आमच्या अटी कागदावर सोप्या दिसतात. पदव्युत्तर परीक्षेत चांगले गुण, प्रवेशपरीक्षा, संशोधनाचा थोडा अनुभव, जाणत्या माणसाच्या हाताखाली दुःखी माणसांबरोबर केलेलं काम आणि दोन शिफारशी. त्याच्याकडे सगळं होतं, आणि नुसतं होतं असं नाही, उत्तम होतं. समितीत संख्याशास्त्र शिकवणारे आमचे एक सर आहेत, पोरं त्यांना आकडेमोडे म्हणतात. त्यांनी त्याचा अर्ज सगळ्यात वर काढून ठेवला होता. पण अर्ज हा नुसता दरवाजा. आत घेतल्यावर पाच वर्षांत आम्ही त्या पोरांचं काय करणार असतो? चाचण्या घ्यायला शिकवतो, निदान, उपचार, संशोधन शिकवतो, हे सगळं ओघानं येतंच. त्यापलीकडच्या दोन गोष्टी शिकवताना आमचा घाम निघतो. पहिली, आपलं काम दुसऱ्याला दाखवायचं, चूक झाली तर मान खाली घालून ऐकायचं. दुसरी, समोरच्या माणसाला अशा रीतीनं बरं करायचं की त्याला आपली गरज उरू नये. म्हाताऱ्या सरांचा तो प्रश्न मी वर्षानुवर्षं नव्या पोरांना समजावत आले आहे. लोक रडून झाल्यावर जातात का?

निवडीच्या दिवशी सकाळी व्हरांड्यात सगळे उमेदवार बसले होते. त्याला मी आवाजावरूनच ओळखलं. पाणी आणून देत होता, घाबरलेल्यांना धीर देत होता. मला बघून अदबीनं उठून ‘‘नमस्कार, मॅडम’’ म्हणाला, जसं काही आम्ही कधी बोललोच नव्हतो. मला ते आवडलं. शहाणा आहे म्हटलं, ओळख मिरवत नाही. त्याच्या शेजारी एक मुलगी होती. फार चांगलं काम केलेली, दारातून आत येताना उत्साहानं नुसती फसफसत होती. दुपारी तिचा पुकारा झाला तर ती बॅग खांद्याला लावून उभी. अर्ज मागे घेते म्हणाली. मी विचारलं, का गं, बरं नाही का? ‘‘मी अजून तयार नाही, मॅडम. मला आधी स्वतःकडे बघायला हवं.’’ वाक्य तिचं नव्हतं गं. दुसऱ्याच्या अंगाचा सदरा घातल्यासारखं ते तिच्या तोंडात बसत नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ते सकाळपासून माझ्याशी बोलत होते, माझं इतकं कुणी कधी ऐकलंच नव्हतं. तो खिडकीपाशी उभा राहून तिच्याकडे मायेनं बघत होता. जाताना तिनं त्याचे आभार मानले. एका सकाळीत, एका बाकावर, त्यानं एक हुशार पोर घरी पाठवली होती आणि ती त्याचे आभार मानत होती. मला तेव्हा पहिल्यांदा संशय आला. पण मी स्वतःला दटावलं. म्हटलं, रविवारच्या फोनांचा राग काढू नकोस.

त्यानंतर प्रत्यक्ष बोलण्याची परीक्षा असते. आमच्याकडे नाटकात काम केलेली एक बाई येते. गेली कित्येक वर्षं ती आमच्यासाठी रुग्णाची भूमिका करते. आम्ही तिला रोग्यांची राणी म्हणतो, कारण जगातला कुठलाही आजार ती दहा मिनिटांत अंगावर चढवते आणि चहा येईपर्यंत उतरवते. या वर्षीची भूमिका मीच लिहिली होती. नवरा गेलेली, झोप उडालेली बाई, दूरगावी एक भाऊ. उमेदवार तिच्याशी बोलतो आणि आम्ही पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत, एका बाजूनंच दिसणाऱ्या काचेमागे बसून बघतो. तो आत गेला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. मग हळूच विचारलं, हे सगळं तुम्ही कुणाशी बोलता? ती म्हणाली, बहिणीशी. मी दचकले. माझ्या लिहिण्यात बहीण नव्हती. त्यानं विचारलं, बहीण पूर्ण ऐकते, की मधेच तिचं सांगायला लागते? ती म्हणाली, तिचं सांगायला लागते खरं. मग एक शेजारीण निघाली. तिचंही त्यानं तसंच केलं. मग नाटकातली एक जुनी मैत्रीण. ‘‘ती येते भेटायला, पण तुमच्यासाठी येते, की आपण चांगले आहोत असं तिला वाटावं म्हणून येते?’’ एकेक माणूस तो तिच्या भोवतीनं उचलून बाजूला ठेवत होता, अगदी हळुवार हातानं, भिंतीवरच्या तसबिरी उतरवाव्यात तसा. शेवटी ती बाई, आमची रोग्यांची राणी, दोन्ही हातांत तोंड धरून म्हणाली, मला कुणीच नाही हो. आणि रडली. तशी रडताना मी तिला कधी पाहिलेलं नाही, भूमिकेत तर नाहीच. तो मागे टेकून बसला. आणि मग त्यानं काचेकडे पाहिलं. त्याला आम्ही दिसणं शक्यच नव्हतं. तरी तो आमच्या खुर्च्यांच्या रोखानं बघत होता, कसं झालं असं विचारल्यासारखा.

आकडेमोडे कुजबुजले, विलक्षण मुलगा आहे. रोग्यांची राणी बाहेर आली ती चहा न घेताच. भिंतीला धरून उभी राहिली आणि तिनं मला एकच विचारलं, यांना परत कधी भेटता येईल?

त्याची मुलाखत शेवटची होती. सगळी उत्तरं नेमकी, कुठे फुशारकी नाही. मग विभागप्रमुख बाईंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. तुम्हाला ज्याला मदत करता आली नाही अशा एका माणसाबद्दल सांगा. चांगली पोरं इथे अडखळतात, कुणाचे डोळे भरतात. तो शांतपणे म्हणाला, असं कुणी नाही. बाई म्हणाल्या, बरं, मग ज्याचा अभिमान वाटतो अशा कुणाबद्दल. तेव्हा त्यानं माझ्याकडे तोंड वळवलं आणि बोलायला लागला. मी ज्या घरात राहतो तिथे एक मुलगी आहे, वडील गेलेली. मी राहायला आलो तेव्हा फार विखुरलेली होती. मैत्रिणी, क्लास, पोहणं, सगळीकडे धावत होती. मी तिला एका जागी आणलं. पोहणं बंद केलं, पाण्यात ती वडिलांना शोधत होती. मैत्रिणी तिनं आपण होऊन सोडल्या. फोन आपण होऊन माझ्याकडे दिला. आता ती फक्त माझ्याशी बोलते आणि खूप शांत आहे. बाईंनी विचारलं, आणि तिची आई? तो म्हणाला, आईंना मी सांगितलंय, मुलीशी थेट काही बोलू नका, जे असेल ते माझ्यामार्फत. त्याही ऐकतात. त्यांनाही बरं वाटतं. बाईंनी विचारलं, तुम्हाला इथे प्रवेश मिळाला तर त्या मुलीचं काय? तेव्हा तो हसला. अगदी साधं, गोड हसू. म्हणाला, ती माझ्याशिवाय जगणार नाही, असं तिनंच सांगितलंय मला. मी तिला म्हटलं, असं वाटणं साहजिक आहे.

बाईंनी शेवटचं विचारलं, इथे पाच वर्षं तुमचं प्रत्येक काम कुणीतरी तपासणार, चुका दाखवणार, ते चालेल ना? तो म्हणाला, चुका मला इतरांच्या आधी कळतात. मग उठला, सगळ्यांना नमस्कार केला. बाकीचे कागद आवरत होते. मी दार उघडून द्यायला गेले, तेव्हा तो फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, ‘‘मावशी, रविवारचे फोन आता नका करू. त्यांना त्रास होतो.’’ आणि गेला.

समितीत वाद झाला. मी खोलीबाहेर बसले होते, नंतर बाईंनी सांगितलं. आकडेमोडे विचारत होते, कोणत्या अटीत बसत नाही तो? बाई म्हणाल्या, शिकायला येणाऱ्याला शिकवून घ्यायचं असावं लागतं, तीच पहिली अट. त्याला नाकारलं आहे. यादी सोमवारी लागेल. तोवर तो आमच्याच गावात एका लॉजवर आहे.

तुझा फोन लागला नाही. हेल्पलाइनवर विचारलं तर कळलं, तू नव्या स्वयंसेवकांचं शिबिर घ्यायला गेली आहेस आणि तिथे फोन बंद ठेवायचा तुझा नियम आहे. म्हणजे ठकू घरी एकटी. आज सकाळी मी गाडी काढली आणि तुझ्या घरी गेले. सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, किंवा तुझ्याऐवजी दुसरंच कुणी नको म्हणालं असतं.

भर उन्हाची वेळ, आणि सगळे पडदे लावलेले. दार उघडलं तेव्हा तिनं आधी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, मी एकटी आहे का ते. मग म्हणाली, ‘‘मावशी, कुणाला आत घ्यायचं नाहीये.’’ मी म्हटलं, मी कुणी का आहे गं? आणि चपला काढल्या. तू तिला रोज बघतेस म्हणून तुला कळलं नसेल. मनगटं काडीसारखी झालीत. बोलताना वाक्याच्या मधेच थांबते आणि बरोबर बोललो का ते मनाशी तपासते. तिच्या हातात एक साधा छोटा फोन होता, त्यानं दिलेला. त्यात एकच नंबर. पहिल्या अर्ध्या तासातच तो दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा ती उभी राहून बोलली, शाळेत नाव पुकारल्यावर राहतात तशी. मी आल्याचं तिनं त्याला सांगितलं नाही. तिथे मला पहिल्यांदा धीर आला.

मग तिनंच विचारलं, ‘‘त्याला घेतलं ना, मावशी?’’ मी म्हटलं, ते मला सांगता येत नाही. ती म्हणाली, नाही घेतलं तर… आणि थांबली. आम्ही पहिल्याच वर्षी पोरांना शिकवतो, अशा वेळी आडून विचारायचं नाही, समोरच्याच्या मनात आपण काही घालत नसतो. मी तिचा हात धरला आणि सरळ विचारलं, ठकू, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का? ती जराही दचकली नाही. भाजी काय आणायची ते सांगावं तसं म्हणाली, ‘‘आमचं ठरलंय. त्याला घेतलं तर मी त्याच्याबरोबर जायचं. नाही घेतलं तर दोघांनी मिळून कायमचं जायचं. तो म्हणालाय, तुला एकटीला सोडणार नाही.’’ मी विचारलं, आईला ठाऊक आहे? ती म्हणाली, आईशी मी बोलत नाही ना.

मी तिला उपदेश केला नाही. म्हटलं, मला तुझी भीती वाटत नाहीये, तुझ्यासाठी वाटतेय, आणि मी तुला इथे ठेवून जाणार नाही. यायचं नसेल तर मी इथेच जमिनीवर बसून राहते, मला काही घाई नाही. तेव्हा तो फोन पुन्हा वाजला. ती उठली. टेबलापर्यंत गेली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. तिनं हात पुढे केला नाही. मग तशीच मागे वळली, दारात जाऊन पायांत चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, चल लवकर, मावशी, नाहीतर मी उचलीन.

ठकू माझ्याकडे आहे, भिंगरी. श्वास घे. सुखरूप आहे. येताना वाटेतच आमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्या तासभर तिच्याशी बोलल्या. तिला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही असं सांगितलंय, म्हणून मी तिच्या उशापाशी बसून हे लिहितेय आणि स्वतः तुझ्याकडे येऊ शकत नाही. घरी आल्यावर तिनं पोटभर वरणभात खाल्ला, मग इतका वेळ रडली की माझा पदर पिळून घ्यावा लागला. भाऊजींसाठी रडली ती, आत्ता, दोन वर्षांनी. मग झोपली. मुलाखतीच्या खोलीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं हे मी पोरांकडून घोकून घेते. त्याच पाठात पुढे असंही आहे की जिवाला धोका असेल तर गप्प बसणाराच गुन्हेगार. विभागप्रमुख बाईंना सगळं सांगूनच लिहितेय, आणि त्यांनी पोलिसांच्याही कानावर घातलंय.

तू स्वतःला दोष देत बसशील, मी ओळखते तुला. बसू नकोस. माझ्या डोळ्यांसमोर त्यानं रोग्यांच्या राणीला बोलता बोलता उघडं पाडलं आणि माझ्या शेजारचा विद्वान त्याला विलक्षण म्हणत होता. तू तर दुःखात होतीस आणि तो तुझ्या घरात होता. तुझी बहीण यायची बंद झाली, तुझं गाणं बंद झालं, रविवारी माझ्याशी बोलणं बंद झालं, यातलं किती तुझं आणि किती त्याचं हे आपण दोघी मिळून शोधू. त्याला वर्षं लागली तरी चालतील.

आता हा कागद का लिहिला ते. संध्याकाळी माझा फोन वाजला. तो होता. ना राग, ना आरडाओरडा. म्हणाला, ‘‘मावशी, ठकू तुमच्याकडे आहे ना? असू दे, विश्रांती घेऊ दे तिला. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं शिबिरावर जातोय, आईंना आणायला. त्यांना आता माझी जास्त गरज आहे. त्या माझं ऐकतील, तुम्हाला ठाऊकच आहे.’’ आणि फोन ठेवला. मला ठाऊक आहे, भिंगरी, म्हणूनच एवढी घाई करतेय. तू त्याच्याशी पाच मिनिटं बोललीस तरी ठकूला मी पळवलं असं तुला वाटायला लागेल, तुझ्याच तोंडानं तू तिला परत मागशील, आणि ती येईल. म्हणून आमच्या दाढीवाल्या नवरोबाला पहाटेच पाठवते आहे, गाडी पहिल्या ट्रेनच्या आधी पोचेल असं तो म्हणतो. निरोप त्याच्या तोंडी पाठवला असता, पण नुसत्या शब्दांवर तू विश्वास ठेवला नसतास आणि त्याला तुझ्या प्रश्नांची उत्तरं देता आली नसती. तो बाहेर गाडीत बसला आहे. सामान राहू दे, शिबिर कुणीही आवरेल. आत्ता कुणी तुला शोधत आलं, कितीही मायेनं हाक मारली, तरी ओ देऊ नकोस. मागच्या दारानं बाहेर पड आणि गाडीत बस. माझ्याशी भांडायचं असेल ते इथे येऊन भांड, सगळं ऐकून घेईन. पण आधी ये.

तुझीच, कायमची,
घुबड